तळटीप : महिंद्रा रेनॉ, नाशिक

मूळ लेखकाने ‘नाशिकचा फसलेला मोटारउद्योग’ असा जो उल्लेख केला आहे, तो महिंद्रा (५१ टक्के) आणि फ्रान्सची रेनॉ (४९ टक्के) यांच्या संयुक्त कंपनीचा. तिची ‘लोगान’ ही गाडी नाशिकच्या कारखान्यात तयार होऊन २००७ मध्ये बाजारात आली. २०१० मध्ये महिंद्राने रेनॉचा हिस्सा विकत घेतला आणि भागीदारी संपली. फसली ती भागीदारी, गाडी नव्हे. २०११ पासून तीच गाडी ‘व्हेरिटो’ नावाने विकली गेली, २०१६ मध्ये तिची विजेवर चालणारी आवृत्तीही निघाली. टाकाऊ वस्तूला असे आयुष्य लाभत नाही. तिच्या खपातली खरी अडचण लांबीची होती. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा लहान आणि ठरावीक मर्यादेतल्या इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. लोगान सव्वाचार मीटरच्या आसपास, म्हणजे सवलतीबाहेर. स्वस्ताई हाच जिचा मुख्य गुण, तिला हा फटका जिव्हारी लागणारा होता.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे : २००८ ची स्विफ्ट डिझायरही चार मीटरपेक्षा लांब होती, तरी ती धडाक्यात खपली. मात्र मारुतीपाशी देशभर पसरलेले विक्रेते आणि लोकप्रिय स्विफ्टचे नाव होते. नव्या कंपनीपाशी यातले दुसरे तर नव्हतेच, आणि महिंद्राची ओळख होती जीपची. शुल्काचा भार मारुतीला पेलला, हिला नाही. महिंद्राने २०१३ मध्ये याच गाडीची चार मीटरच्या आत बसणारी ‘व्हाइब’ काढली, हा या निदानाला मोठाच आधार आहे.