तब्येत खालावली, पण कागदावरची टक्केवारी तीच?

पंधरा दिवसांपूर्वी पार्किन्सनचे एक जुने रुग्ण तपासणीला आले. शर्टाची बटणे पत्नीने लावून दिलेली. पिशवीत जपून ठेवलेले दिव्यांग प्रमाणपत्र होते, सहा वर्षांपूर्वीचे, ३० टक्क्यांचे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. "डॉक्टर, एकदा ठरलं ते ठरलं ना?" त्यांनी विचारले.

तुमच्याही घरात हा प्रश्न असेल, तर उत्तर आहे: नाही. आणि हे उत्तर शंभर वर्षे जुने आहे.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात जखमी कामगाराला ठरावीक मुदतीने मिळणाऱ्या रकमेचा फेरविचार करण्याची सोय होती. प्रकृतीत बदल झाल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडून कामगाराला आयुक्तांकडे अर्ज करता येई. मात्र तोच अधिकार मालकालाही होता. म्हणजे रक्कम वाढू शके, तशी कमीही होऊ शके.

पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्याच्या कलम ५५ ने आणखी स्पष्ट वाट दिली. दुखापतीचे परिणाम आधी अंदाज आला नव्हता इतके वाढले, आणि फेरविचार न केल्यास मोठा अन्याय होईल असे वैद्यकीय मंडळाला वाटले, तर अपंगत्वाचे मूल्यमापन पुन्हा करता येई.

कायद्याला हे का सुचले? कारण मंडळ मोजते ती त्या दिवसाची स्थिती. कापलेले बोट तेवढेच राहते. अर्धांगवायूत पहिल्या काही महिन्यांत सुधारणा होऊ शकते. पार्किन्सन मात्र वर्षागणिक पुढे सरकतो.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते. पार्किन्सनचे नाव त्यात नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार २१ केले. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मस्क्युलर डिस्ट्रॉफी असे हळूहळू वाढणारे आजार त्यात आले. साहजिकच 'आजची टक्केवारी उद्या खरी राहील का' हा प्रश्न ठळक झाला. २०१७ च्या नियमांनी त्याची दखल घेतली: स्थिती बदलण्याची शक्यता असेल तर प्रमाणपत्रावर मुदत लिहायची, नसेल तरच ते कायमस्वरूपी द्यायचे.

आता महत्त्वाचा भाग. तुमच्यापुढे दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

अपील: 'त्या दिवशीचा निर्णयच चुकला' असे तुमचे म्हणणे असेल तर. कलम ५९ नुसार राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्याची मुदत राज्य ठरवते, म्हणून निर्णय हाती येताच चौकशी करा. अर्ज नाकारला असेल तर कारणे लेखी मिळणे हा तुमचा हक्क आहे.

फेरतपासणी: निर्णय तेव्हा बरोबर होता, पण नंतर तब्येत खालावली असेल तर. आजचे रिपोर्ट जुना निर्णय चुकीचा ठरवत नाहीत. ते नवी स्थिती दाखवतात. म्हणून इथे अपील नव्हे, नव्याने मूल्यमापनाची मागणी करायची.

जाताना काय न्याल? जुने प्रमाणपत्र, तारखेनुसार लावलेली कागदपत्रे आणि एका पानावर रोजच्या जगण्यातला फरक: पूर्वी काय जमत होते, आता कशाला मदत लागते, किती वेळा पडलात. पार्किन्सनमध्ये गोळीचा अंमल असताना हालचाल बरी दिसते आणि अंमल उतरला की अडखळते. त्यामुळे शेवटची गोळी किती वाजता घेतली ते मंडळाला सांगा. मंडळाला त्रास दिसावा म्हणून गोळी चुकवू मात्र नका. ते धोक्याचे आहे.

आणि एक लक्षात ठेवा. १९२३ सारखेच आजही टक्केवारी वाढेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही.

आमच्या काकांची वाट दुसरी होती. मी तारखांसह टिपण लिहून दिले. पत्नीने वहीत लिहायला सुरुवात केली आहे. पहिलीच नोंद बटणांची आहे.