भुईची राखण

नेकनूर हे बालाघाटाच्या माथ्यावरचं बाजाराचं गाव. मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड माळ आणि त्यावर सीताफळीची झुडपं दिसत राहतात. खोल काळी जमीन इथे थोडी. आहे ती राखायची, हा शेतीचा पहिला धडा आम्हा नातवंडांना आजीने आणि तिच्या जोडीच्या बायांनी दिला. शेंगा फोडताना, ओसरीवर बसून.

त्या गोष्टींत राजा-राणी नसत, रान असे. तिफण पुढे चालायची आणि मागे मोघा धरून बाई तुरीचे दाणे सोडत जायची. ज्वारीच्या काही तासांनंतर एक पाटं तुरीचं. ज्वारीत अंबाडी. रब्बीच्या ज्वारीला कडेने करडई. करडईच्या काट्यांमुळे गुरं पिकात शिरत नसत आणि घरच्या घाण्याला तेलही मिळे. तुरीचं मूळ खोल जातं, पाला गळून जमिनीतच कुजतो. आजी म्हणायची, "भुईला बी एकच भाकर रोज दिली तर ती इटते, माय."

बियाणं पूर्णपणे बायांच्या ताब्यात. भरलेली कणसं उभ्या पिकातच हेरून ठेवायची, वाळली की बडवायची. आजी एक दाणा दाताखाली धरायची. कट्‌ असा आवाज आला तरच बी गाडग्यात जाई. वर चुलीची राख, कडुनिंबाचा पाला, आणि तोंड शेणामातीने लिंपलेलं. 1972 च्या दुष्काळात घरात लाल मिलोच्या भाकरी होत होत्या, सुकडीवर पोरं जगत होती. पण त्या गाडग्याला कुणी हात लावला नाही. दिवसभर बाया खडी फोडत, पाझर तलावावर माती वाहत. मराठवाड्यातल्या कितीतरी बांधांची आणि तलावांची माती बायांच्या डोक्यावरून गेली आहे. 1977 च्या रोजगार हमी कायद्यामागे त्या दुष्काळी कामांचा अनुभव आहे.

पुढे सोयाबीन आलं, कापूस वाढला, बियाणं दुकानातून येऊ लागलं. पण शिकण्याचा धागा त्याहून खोल तुटला तो ऊसतोडीने. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो, नवराबायको मिळून एक कोयता. परततात ते पाडव्याच्या आसपास. म्हणजे रब्बीच्या ज्वारीच्या खुरपणीपासून काढणीपर्यंत, सासूने सुनेला शिकवायच्या नेमक्या दिवसांत, सून फडात असते. म्हातारीकडचं शहाणपण घ्यायला घरात कुणी उरत नाही.

तरीही हे शहाणपण मेलेलं नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायांना घरच्या रानातला एक एकर मागून घ्यायला शिकवलं. त्यात डाळी, भाज्या, धान्य एकत्र, शेणखत घरचं. या कामाला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आजीने मोघ्यातून पेरलेली मिश्र शेती ती हीच.

मला टोचतं ते वेगळंच. एवढं जाणणाऱ्या बाईला स्वतःच्याच घरात एकर मागावा लागतो. शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनात 1986 साली लाखभर बाया जमल्या. पुढे संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. कायदा आहे, दाखला आहे. तरी बहुतेक सातबाऱ्यांवर बाईचं नाव चढतं ते नवरा गेल्यावरच.

आपल्या घरी अशी कुणी म्हातारी असेल तर तिच्याजवळ बसा. कुठल्या रानात काय पेरायची, बी कसं राखायची, पाणी कुठून वाहायचं, हे तिच्या तोंडून लिहून घ्या. आणि तिची सून आज तेच रान कसत असेल, तर त्या सुनेचं नाव सातबाऱ्यावर लावा, ती सधवा असतानाच.