अंधारखोलीतील कारागीर

चित्रपटाचा विषय निघाला की नट, नटी आणि गाणी यांपलीकडे आपली चर्चा सहसा जात नाही. कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म ज्या काळोख्या खोलीत धुतली जाई व जेथून तिच्या प्रती गावोगाव रवाना होत, त्या रसायनशाळेचा इतिहास मात्र उपेक्षितच राहिला आहे. पेण व हमरापूर येथील गणपतीचे कारखाने लहानपणापासून पाहिलेल्या ज्ञातिबांधवांस तिचे महत्त्व सांगावयास फार शब्द नकोत. मूर्ती घरोघर जातात. साचा कारखान्यातच राहतो. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह हा असाच साचा होय. तंबूतील खेळांसाठी आपल्या पेण-रोह्याकडे जे पत्र्याचे डबे येत, त्यांत असत त्या केवळ प्रती.

प्रारंभी ही विद्या आपणांकडे नव्हतीच. इ. स. १८९९ मध्ये कै. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईत कुस्तीचे दृश्य टिपले, परंतु ती फिल्म धुण्यासाठी विलायतेस पाठवावी लागली. १९१२ साली पडद्यावर आलेल्या कोकणचे सुपुत्र कै. दादासाहेब तोरणे यांच्या ‘पुंडलिक’चीही तीच गत झाली. चित्र येथले, माणसे येथली, पण ते उमटले आहे की नाही हे कळावयास समुद्रापारच्या टपालाची वाट पाहावयाची!

हे परावलंबन संपविले कै. दादासाहेब फाळके यांनी. छायाचित्रण व छपाईसाठी ठसे करण्याचा व्यवसाय त्यांनी पूर्वीच केला असल्याने अंधारखोली त्यांस परकी नव्हती. १९१२ च्या प्रारंभी ते लंडनला गेले, तेथील कृती पाहून आले आणि कॅमेऱ्याबरोबरच फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे व प्रती छापण्याचे यंत्रही त्यांनी मागविले. माझ्या मते ‘राजा हरिश्चंद्र’चे खरे रहस्य कॅमेऱ्यापेक्षा या दोन यंत्रांत आहे. कच्ची फिल्म त्या वेळी बिनछिद्रांची येई. प्रकाशाचा एक किरणही लागू न देता, हाताच्या अंदाजाने, तिला छिद्रे पाडावयाची. हे काम दादरच्या त्यांच्या राहत्या घरी कै. सरस्वतीबाई फाळके रात्री करीत. दिवसा कंपनीतील साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री फिल्म. रसायने कालविण्याची व फिल्म धुण्याची कृतीही त्यांनी आत्मसात केली होती. दागिने गहाण टाकले गेले ते निराळेच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि दादासाहेबांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांच्या नावाचे पारितोषिक सरकार १९६९ पासून देत आहे. सरस्वतीबाईंचे नाव आपल्या किती मुलींस ठाऊक आहे?

पुढे कोल्हापुरास कै. बाबूराव पेंटर यांनी कै. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतःच कॅमेरा घडविला. त्याच तालमीतील मंडळींनी १ जून १९२९ रोजी ‘प्रभात’ काढली व १९३३ साली ती पुण्यास नेली. तोवर बोलपट आला होता. त्या काळी आवाजही फिल्मवरच प्रकाशाच्या पट्ट्याच्या रूपाने उमटत असे. म्हणजे ध्वनीदेखील त्याच रसायनांत धुवून निघावयाचा! धुण्यात थोडी कसर राहिली तरी पडद्यामागून खरखर ऐकू येई. ध्वनिमुद्रणाची धुरा वाहणाऱ्या दामल्यांस म्हणूनच रसायनशाळेवरही नजर ठेवावी लागे.

चित्र घेतल्यावर मागाहून आवाज भरण्याची, म्हणजे डबिंगची, सोय तेव्हा रुळली नव्हती. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत व हिंदीत असा दोनदा चित्रित करावा लागला. दुर्गाबाई खोटे व गोविंदराव टेंबे यांनी दोन्ही भाषांतील संवाद पाठ केले. कालांतराने फिल्मच्या तुकड्याचे वेढे करून ते नटासमोर पुनःपुन्हा फिरवावयाचे व त्याने पडद्यावरील ओठांशी आपला उच्चार जुळवावयाचा, ही पद्धत रूढ झाली. रंगाच्या बाबतीत मात्र पुन्हा परदेश गाठावा लागला. १९३३ च्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत काढण्यात आल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत.

‘प्रभात’ने १९५३ मध्ये काम थांबविले. १९६० साली त्याच आवारात सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था आली आणि १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. साचे जपण्याची व्यवस्था झाली खरी, परंतु जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या कापसाची बहीणच. एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही, कारण जळताना लागणारा प्राणवायू तिच्या ठायीच असतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या त्या आवारातील कोठार पेटले आणि ‘प्रभात’च्या अनेक चित्रांच्या मूळ फिल्मा भस्मसात झाल्या. ज्यांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधी उतरविल्या होत्या, तेवढी चित्रे वाचली. आगीपूर्वीही कमी हानी झाली नव्हती. आतील चांदी काढण्यासाठी किती जुनी रिळे मोडीत गेली, त्याची गणतीच नाही. ‘आलम आरा’ या देशातील पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

२०१० नंतरच्या दशकात संगणकीय चित्रण सर्वत्र झाले आणि फिल्म धुणाऱ्या रसायनशाळा एकामागून एक बंद पडल्या. तेथील कारागिरांची विद्या बहुतांशी हातची व तोंडची; ती पुस्तकात फारशी उतरली नाही. डबिंगचा व्यवसाय तेवढा मुंबईत भरभराटीस आला असून दक्षिणेकडील चित्रपटांस हिंदी बोली देणाऱ्यांत मराठी मुले-मुलीही आहेत. त्यांचे चेहरे पडद्यावर दिसत नाहीत.