पुढच्या चाकातून घरघर येते? जुन्या गाडीची डिस्क आणि बेरिंग बदलताना हे पाहा

कन्हान : मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बनणं बंद झालं, ओम्नी २०१९ मध्ये. तरी आपल्या पारशिवनी तालुक्यात या गाड्या अजून रोज धावतात. दूध, भाजी, पेशंट, लग्नाचं सामान, सगळं त्यातूनच जातं. इंजिन साथ देते, पण पुढच्या चाकांकडे कोणी बघत नाही. त्यात आपला रस्ता गोंडेगाव, इंदर, कामठीच्या कोळसा खाणींचा. टिप्परची धूळ, पावसाळ्यात चिखल. बेरिंगचं सील म्हातारं झालं की हा गाळ आत शिरतो, ग्रीस खराब होते आणि गोट्या घासायला लागतात.

आधी खराबी नेमकी कशाची ते ओळखा. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, पॅडल पायाखाली वरखाली होत असेल तर डिस्क एकसारखी राहिली नाही. ब्रेक न मारताही घरघर येत असेल आणि वेग वाढला की ती वाढत असेल तर बेरिंगवर संशय घ्या. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं उजवीकडे घेतल्यावर आवाज वाढला तर बहुतेक डावं बेरिंग, कारण वजन त्या बाजूला जाते. मग चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली, की ढिलाई आहे. मात्र बॉल जॉइंट झिजला असेल तरी चाक हलते, म्हणून दुसऱ्या माणसाला खालून बघायला सांगा.

आता महत्त्वाचं. ढिल्या बेरिंगवर डिस्क डुलते. डुलणारी डिस्क पॅडला मागे ढकलते, म्हणून पहिल्या दाबाला पॅडल खोल जाते. अशा बेरिंगवर नवी डिस्क टाकली तर तीही खराब होणार. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या मागून बोल्टने कसलेली असते, हब काढल्याशिवाय ती निघतच नाही. बेरिंगही तिथंच. मग एकाच वेळी दोन्ही बदललं तर मजुरी एकदाच लागते.

जुनी डिस्क लेथवर घासून चालेल का, हे बरेच जण विचारतात. किती जाडीपर्यंत चालते तो आकडा बऱ्याचदा डिस्कवरच कोरलेला असतो. घासल्यावर त्याच्या खाली जात असेल तर टाकून द्या. आणि डिस्क जोडीनेच बदला, एका बाजूची नवी आणि दुसरीची जुनी असली तर ब्रेकला गाडी ओढते. पॅडही सोबत नवे.

ॲक्सलचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड किंवा मजबूत लाकडी ठोकळा लावा, विटा फुटतात. कॅलिपर काढला की तारेने बांधून ठेवा, पाइपावर लटकवू नका.

बेरिंग बसवणं हे खरं काम. थ्रेशरचं बेरिंग आपण हातोड्यानं ठोकतो, तशीच सवय इथंही लागते. माझ्या ओम्नीत एका मिस्त्रीनं असंच ठोकून बसवलं, तीन महिन्यांत घरघर परत. आता मी नकल काढून प्रेस असलेल्या वर्कशॉपलाच नेतो. तिथंही उभं राहून बघा. बेरिंग नकलमध्ये जाताना दाब बाहेरच्या रिंगवर पाहिजे. हब बेरिंगमध्ये जाताना आतल्या रिंगला मागून आधार पाहिजे. उलटं झालं की दाब गोट्यांवरून जातो, रिंगला बारीक खड्डे पडतात आणि नवं बेरिंग तिथंच मेलं. जुन्या बेरिंगची आतली रिंग हबवर अडकून राहते, ती काढताना हबला चर पडू देऊ नका. काही गाड्यांत दोन बेरिंग आणि मध्ये नळी असते, ती विसरली तर नट कसताच बेरिंग जाम.

नवी डिस्क बसण्याआधी हबची जागा तारेच्या ब्रशनं चकचकीत करा. गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क वाकडी फिरते. डिस्कवर तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसा, डिझेलनं नाही. कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलताना डब्यातलं ब्रेक ऑइल वर येऊन सांडते, रंग खराब करते. ॲक्सलचा नट नवा घ्या आणि गाडीला कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कवर टॉर्क पान्यानं कसा, अंदाजानं नाही.

गाडी हलवण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरून गाडी रस्त्यावर काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही. पुढचे काही दिवस जोराचा ब्रेक टाळा. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून हळू करा, पूर्ण थांबू नका, थोडं थंड होऊ द्या, परत करा. असं आठ-दहा वेळा. आठवड्यानं चाकाचे नट पुन्हा कसून बघा.