सरहद्द न ओलांडलेले निर्वासित

सरहद्द ओलांडली तरच माणूस निर्वासित, असे १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार मानतो. (भारताने त्यावर सहीही केलेली नाही.) मग येळवंडीच्या खोऱ्यातून उठलेल्यांना काय म्हणावे? भोर संस्थानातले भाटघरचे मोठे धरण इंग्रज सरकारने १९२८ साली पुरे केले. बुडाली इकडची गावे, ऊस वाढला बारामतीकडचा.

वेल्ह्यातले पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले. पुण्याच्या पूरग्रस्तांसाठी शासनाने वसाहती उभारल्या, ते योग्यच झाले. पण या धरणाच्या पोटात ज्यांची गावे गेली त्यांचे काय? मीसुद्धा 'पानशेत' हा शब्द पुराचा म्हणूनच शिकलो. आंबीकाठच्या माणसांचा विचार फार उशिरा सुचला, हे कबूल केले पाहिजे.

त्या माणसांतही उतरंड होतीच. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला. महारवाड्यातल्या भूमिहीनाचे सरकारी हिशेबी बुडाले ते फक्त घर. शिवारातली मजुरी, रानातले सरपण, मसणवट यांची किंमत कोण करणार? वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली, पण जमीन स्वतःच्या नावे करून घ्यायला सरकारात रक्कम भरावी लागे. ती कुठून आणायची? आणि ज्या राज्याने धरणे बांधली त्याचा पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली, पानशेत फुटून १५ वर्षे झाल्यावर.