समलिंगी सैनिक आणि लष्करी मनोधैर्य

आपली समलैंगिकता न लपवता सैनिकी सेवा करणाऱ्या व्यक्तींमुळे सैन्याचे मनोधैर्य, शिस्त व एकजूट यांवर परिणाम होतो का, यासंबंधीचा धोरणात्मक वाद. नेदरलँड्सने १९७४ मध्ये, तर कॅनडा व ऑस्ट्रेलियाने १९९२ मध्ये समलिंगींना सैन्य खुले केले. या प्रश्नाचा सर्वांत विस्तृत ऊहापोह मात्र अमेरिकेत १९९३ ते २०११ या काळात झाला.

पार्श्वभूमी : समलैंगिकता लष्करी सेवेशी विसंगत आहे, अशी अमेरिकेच्या संरक्षण खात्याची १९८२ पासूनची लेखी भूमिका होती. १९९२ च्या निवडणुकीत बिल क्लिंटन यांनी ही बंदी उठवण्याचे आश्वासन दिले. संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष जनरल कॉलिन पॉवेल व सिनेटर सॅम नन यांनी त्याला विरोध केला. तडजोड म्हणून १९९३ मध्ये कायदा झाला आणि त्यावर आधारलेले धोरण ‘डोन्ट आस्क, डोन्ट टेल’ (विचारू नका, सांगू नका) या नावाने ओळखले गेले. भरतीच्या वेळी लैंगिकतेची विचारणा करायची नाही. पण सैनिकाने ती स्वतः उघड केली, तर त्याला सेवेतून काढायचे, असे त्याचे स्वरूप होते. अशा व्यक्तींमुळे मनोधैर्य, शिस्त व तुकडीची एकजूट यांना अस्वीकारार्ह धोका पोहोचतो, हे कारण कायद्यातच नमूद होते. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, तेव्हाही विरोधकांनी मनोधैर्याचाच मुद्दा मांडला होता. स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या पॉवेल यांना मात्र ही तुलना मान्य नव्हती.

मनोधैर्य व एकजूट : संरक्षण खात्याच्या सांगण्यावरून रँड या संशोधन संस्थेने १९९३ मध्ये केलेल्या अभ्यासात एकजुटीचे दोन प्रकार वेगळे केले गेले. सहकाऱ्यांविषयी आपुलकी वाटणे, ही सामाजिक एकजूट. नेमून दिलेली कामगिरी मिळून पार पाडण्याची बांधिलकी, ही कार्यनिष्ठ एकजूट. तुकडीच्या कामगिरीशी अधिक निगडित असते ती दुसरी. परस्परांविषयी फारशी जवळीक नसलेले सैनिकही समान ध्येय, प्रशिक्षण व सक्षम नेतृत्व यांच्या बळावर एकत्र लढू शकतात. त्यामुळे एखाद्या सहकाऱ्याविषयी वाटणारा संकोच आणि तुकडीच्या लढण्याच्या क्षमतेत झालेली घट या दोन गोष्टी एकच मानता येत नाहीत.

ब्रिटनमधील निर्णय : ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने १९९६ च्या अहवालात समलिंगींवरील बंदीचे समर्थन केले. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २७ सप्टेंबर १९९९ रोजी स्मिथ व ग्रेडी खटल्यात ते फेटाळले. अहवालातील भीती ही भिन्नलिंगी सैनिकांच्या प्रतिकूल मतांवरच उभी असून, वंश वा वर्ण यांविषयीच्या पूर्वग्रहांप्रमाणे अशी मतेही बंदीला पुरेसे कारण ठरत नाहीत, असा निकालाचा आशय होता. १२ जानेवारी २००० रोजी बंदी उठली. मंत्रालयाच्या २००२ मधील आढाव्यात सैन्याच्या कार्यक्षमतेवर दखल घेण्याजोगा परिणाम आढळला नाही.

अमेरिकेतील पाहणी : २०१० मध्ये पेंटागॉनने (संरक्षण खात्याने) सुमारे चार लाख सैनिकांकडे प्रश्नावली पाठवली, सुमारे १ लाख १५ हजार उत्तरे आली. बंदी उठल्यास परिणाम चांगला किंवा संमिश्र होईल अथवा काहीच होणार नाही, असे सुमारे ७० टक्क्यांना वाटत होते. मरीन कोअरच्या लढाऊ शाखांत मात्र सुमारे ५८ टक्क्यांनी प्रतिकूल परिणामाचे भाकीत केले. प्रत्यक्ष अनुभव सांगणाऱ्यांची उत्तरे वेगळी होती. समलिंगी वाटणाऱ्या सहकाऱ्याबरोबर काम केलेल्यांपैकी ९२ टक्क्यांनी तुकडीची एकत्र काम करण्याची क्षमता चांगली किंवा मध्यम असल्याचे सांगितले. मरीनच्या लढाऊ शाखांतही हे प्रमाण ८४ टक्के होते.

धोरणाची किंमत : या धोरणामुळे १३ हजारांहून अधिक जणांना सेवा सोडावी लागली. त्यांत अरबी, फारसी, कोरियन यांसारख्या भाषांचे जाणकारही होते. पॉवेल यांच्यानंतर काही वर्षांनी त्याच पदावर आलेले ॲडमिरल माइक मलन यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये सिनेटपुढे सचोटीचा मुद्दा मांडला : देशासाठी लढणाऱ्या तरुणांना स्वतःविषयी खोटे बोलण्यास हे धोरण भाग पाडते. त्याच सुमारास पॉवेल यांनीही बंदी उठवण्यास पाठिंबा दिला.

बंदी उठल्यानंतर : २२ डिसेंबर २०१० रोजी निरसनाच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि २० सप्टेंबर २०११ पासून तो अमलात आला. बंदी उठल्यास सैनिकांचे लक्ष विचलित होऊन जीवितहानी होऊ शकते, असा इशारा देणारे मरीन कोअरचे प्रमुख जनरल जेम्स ॲमॉस यांनी नंतर हे स्थित्यंतर सुरळीत झाल्याचे मान्य केले. पाम सेंटर या संशोधन संस्थेच्या २०१२ मधील अभ्यासात, ज्याच्या लेखकांत लष्करी अकादम्यांतील प्राध्यापकही होते, भरती, सेवेतील टिकाव, एकजूट व मनोधैर्य यांवर एकूण प्रतिकूल परिणाम दिसला नाही. काही सैनिकांचे मनोधैर्य खालावले, काहींचे उंचावले. सरासरीत फरक पडला नाही. ही संस्था निरसनाच्या बाजूची मानली जाई. म्हणून या अभ्यासात विरोधी मते मांडलेल्या निवृत्त सेनाधिकाऱ्यांकडेही विचारणा केली गेली. सरासरी स्थिर राहिली म्हणून छळाचे प्रसंग संपले, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

भारत : सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हेगारीच्या कक्षेबाहेर आणले. सैन्यदलांना मात्र स्वतंत्र कायदे लागू असून, संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार संसद सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते. सेना अधिनियम १९५० मधील कलम ४५ अशोभनीय वर्तनाविषयी, तर कलम ४६ असभ्य व अनैसर्गिक स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी लष्करात समलिंगी संबंधांना परवानगी देणार नसल्याचे स्पष्ट केले.