सॉफ्टवेअर अभियंत्यांचा व्यावसायिक परवाना

सॉफ्टवेअर अभियंत्यांचा व्यावसायिक परवाना म्हणजे शिक्षण, अनुभव व परीक्षा यांच्या आधारे वैधानिक मंडळाने सॉफ्टवेअर अभियंत्यास दिलेली व्यवसायाची अनुज्ञा होय. परवानाधारक अभियंता आपल्या कामावर स्वाक्षरी व शिक्का उमटवतो आणि त्या कामाच्या सुरक्षिततेस व्यक्तिशः उत्तरदायी ठरतो. कसूर केल्यास मंडळ त्याचा परवाना रद्द करू शकते. स्थापत्य अभियांत्रिकीत ही पद्धत अनेक देशांत रुळलेली आहे. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात मात्र ती अपवादानेच आढळते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत अभियंत्यांच्या परवान्याचा पहिला कायदा १९०७ मध्ये वायोमिंग राज्याने केला. टेक्सास राज्यातील न्यू लंडन येथे १९३७ मध्ये शाळेत नैसर्गिक वायूच्या गळतीमुळे स्फोट होऊन सुमारे ३०० जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी टेक्सासमध्ये अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा झाला.

सॉफ्टवेअरमधील दोषही प्राणघातक ठरू शकतात, हे थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्रामुळे दिसून आले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. चालकाने नोंदी जलद गतीने दुरुस्त केल्यास पडद्यावरील नोंद व यंत्राची प्रत्यक्ष मांडणी यांत विसंगती निर्माण होई. आधीच्या प्रतिरूपांत असलेली यांत्रिक सुरक्षाव्यवस्था या यंत्रातून काढून टाकून तिचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले होते. हे सॉफ्टवेअर मुख्यतः एकाच व्यक्तीने लिहिले होते. त्या व्यक्तीविषयीची माहिती पुढे एका खटल्यातही वकिलांना निर्मात्या कंपनीकडून मिळू शकली नाही.

परवान्याचा प्रयोग

१९९८ मध्ये टेक्सासने सॉफ्टवेअर अभियांत्रिकीस परवानायोग्य शाखा म्हणून मान्यता दिली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय. २०१३ मध्ये या शाखेची राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा सुरू झाली. परंतु पहिल्या पाच परीक्षांना मिळून केवळ ८१ उमेदवार बसले आणि एप्रिल २०१९ नंतर ती बंद करण्यात आली. कंपन्यांच्या नोकरीत असलेल्या अभियंत्यांना अनेक राज्यांच्या कायद्यांत परवान्यातून सूट आहे. बहुसंख्य सॉफ्टवेअर अभियंते अशा नोकरीतच असल्याने परवाना घेण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती.

कॅनडात ‘अभियंता’ ही पदवीच कायद्याने संरक्षित आहे. अल्बर्टा प्रांतात ‘सॉफ्टवेअर अभियंता’ हे पदनाम विनापरवाना वापरण्यावरून वाद झाला. २०२३ मध्ये न्यायालयाने अभियंत्यांच्या नियामक संस्थेची मागणी फेटाळली. त्यानंतर प्रांताने कायद्यात दुरुस्ती करून हे पदनाम मुक्त केले.

मतभेद

परवान्याच्या समर्थकांत संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास हे प्रमुख होत. जनतेच्या जिवाशी संबंधित काम करणाऱ्याची किमान पात्रता तपासली जावी, असे समर्थकांचे प्रतिपादन आहे. याउलट, असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संघटनेने १९९९ मध्ये परवान्यास विरोध केला. या विषयाचे ज्ञान अद्याप पुरेसे स्थिरावलेले नसल्याने परवाना गुणवत्तेची हमी देऊ शकत नाही, अशी तिची भूमिका होती.

आचारसंहिता

याच संघटनेने आयईईई कॉम्प्युटर सोसायटीसह १९९९ मध्ये सॉफ्टवेअर अभियंत्यांची आचारसंहिता स्वीकारली. तिच्या आठ तत्त्वांत जनहितास पहिले स्थान असून ग्राहक व मालक यांचे हित त्यानंतर येते. मात्र संहितेचा भंग केल्याने कोणाचाही व्यवसायाचा अधिकार जात नाही.

मालकाचे हित व जनहित यांतील संघर्षाचे ठळक उदाहरण म्हणजे २०१५ मध्ये उघडकीस आलेले फोक्सवॅगन प्रकरण. या कंपनीच्या डिझेल मोटारींतील सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरतेच प्रदूषण कमी करीत असे. या प्रकरणी एका अभियंत्यास अमेरिकेत २०१७ मध्ये ४० महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. परवाना नसला तरी फौजदारी दायित्व टळत नाही, हे यावरून स्पष्ट होते. परंतु असे दायित्व हानी झाल्यानंतरच निश्चित होते.

भारतातील स्थिती

भारतात वकिलांसाठी १९६१ चा व वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी असा सर्वसमावेशक केंद्रीय कायदा नाही. इमारतींच्या संरचनेसाठी मुंबईसारख्या महानगरपालिका अभियंत्यांची नोंदणी करतात. सॉफ्टवेअरसाठी तशी व्यवस्था नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यात माहिती हाताळणाऱ्या संस्थेवर टाकलेली आहे, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अभियंत्यावर नाही.